ओढ्याकाठचा काळा चिखल

चैत्रात ओढ्याची धार तुटली की आमच्याकडे बायका पात्रात झिरे काढायच्या. हातभर वाळू उकरायची, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, घटकाभर बसायचं आणि मग वर आलेलं नितळ पाणी करवंटीने कळशीत भरायचं. वरून ओढा कोरडा ठणठणीत, आणि हातभर खाली पाणी. ते पाणी ओढ्याचं की जमिनीचं, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. ते दोघांचंही असतं. शेतातून सुटलेल्या नायट्रेटचं पुढे काय होणार, याचा निकालही बऱ्याचदा त्या हातभर वाळूत आणि शेजारच्या काठाच्या चिखलात लागतो. हा लेख त्या जागेबद्दल आहे.

आधी नायट्रेट तिथवर पोचतं कसं ते पाहू. नायट्रोजनचा एक अणू आणि त्याला जोडलेले ऑक्सिजनचे तीन, एवढंच ते. पिकाला ते हवंच असतं. बहुतेक पिकं नत्र, म्हणजे नायट्रोजन, घेतात ते मुख्यतः याच रूपात. युरिया टाकला की ओलाव्यात काही दिवसांतच त्याचं अमोनियम होतं. मग जिवाणूंची एक टोळी अमोनियमचं नायट्राइट करते आणि दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. शेणखत, गोठ्यातलं मूत, उकिरडा, संडासाचा शोषखड्डा, या सगळ्यांतलं नत्रही शेवटी याच वाटेने जातं. २०१५ पासून देशात युरिया निम कोटेड करून विकतात, तो अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग कमी व्हावा आणि पिकाला खायला जरा सवड मिळावी म्हणून.

सवड लागते, कारण नायट्रेटला माती धरत नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. अमोनियमवर धन भार, म्हणून ते कणांना चिकटून बसतं. नायट्रेटवर पुन्हा ऋण भार. आपली काळी जमीन एवढी धरून ठेवणारी. अमोनियम धरते, पालाश धरते, ओल तर आठवडेच्या आठवडे धरते. पण नायट्रेट तिच्या हातातून निसटतं. पाणी जाईल तिकडे ते जातं. पाटाने मोकाट पाणी सोडलं, किंवा युरिया टाकला त्याच रात्री मोठा पाऊस झाला, की ते मुळांच्या खाली उतरलंच. जमिनीतला पालापाचोळा आणि खत कुजून तयार झालेलं नायट्रेटही उन्हाळाभर वरच्या थरात साठत असतं. मृगाच्या पहिल्या पावसांत त्याची लाट खाली जाते, आणि तेव्हा पीक बोटभरही उंच नसतं.

किती नायट्रेट पुरतं, याचा एक हिशेब प्रत्येक विहीरवाल्याने एकदा करून पाहावा. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी आहे, म्हणजे साधारण १ लाख ४१ हजार लिटर. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नायट्रेटचा कणही नसलेल्या या विहिरीचं पाणी मर्यादेला टेकवायला सुमारे ६.४ किलो नायट्रेट लागेल. युरियात ४६ टक्के नत्र असतं; त्या हिशेबाने तेवढं नायट्रेट ३ किलो १०० ग्रॅम युरियातून निघतं. म्हणजे ४५ किलोच्या गोणीचा जेमतेम चौदावा हिस्सा. आडसाली उसाला नत्राची शिफारस हेक्टरी ४०० किलोची आहे, सगळं युरियातून द्यायचं तर १९ गोण्या. विहीर रोज उपसते, नवं पाणी येतं, पाऊस पातळ करतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा हिशेब असा सरळ उतरत नाही. पण खताचा किती लहान वाटा निसटला तरी पुरतो, ते यातून कळतं.

४५ ही मर्यादा भारतीय मानकाची, आयएस १०५०० ची. जागतिक आरोग्य संघटना ५० मानते. अमेरिकेतल्या अहवालात १० हा आकडा दिसला तर दचकू नका. तिकडे नायट्रेटमधलं फक्त नत्र मोजतात, आणि त्याला ४.४३ ने गुणलं की आपल्याजवळच येतं. प्रयोगशाळेचा कागद वाचताना आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रेट-नत्राचा, हे आधी विचारून घ्यावं. या एका गोंधळापायी चौपट चूक होऊ शकते.

मर्यादा ठेवली ती मुख्यतः तान्ह्या बाळांसाठी. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले डॉक्टर हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पाजल्याने निळी पडलेली बाळं पाहिली आणि कारण नोंदवलं. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातलं हिमोग्लोबिन बिघडवतं, आणि मग रक्ताला ऑक्सिजन पोचवता येत नाही. ओठ, नखं निळसर होतात. अंगावरच्या दुधातून हा धोका नगण्य असतो. बाटलीच्या दुधाला वापरलेल्या पाण्यातून असतो. पाणी उकळून हे जात नाही. उलट वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेट दाट होतं. घरोघरी चांगल्या हेतूने केली जाणारी ही चूक आहे, म्हणून इथे थांबून सांगितलं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. तपासल्याशिवाय कळत नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात देशभरातल्या नमुन्यांपैकी जवळपास २० टक्के नमुने मर्यादेच्या वर निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांहून जास्त होतं. देशातल्या ज्या पंधरा जिल्ह्यांची त्यात वेगळी नोंद झाली, त्यातले सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव. नुसता ऊस हे कारण सांगून यादी सुटत नाही. यात कापसाचा आणि सोयाबीनचा मुलूख आहे, आणि गावठाणातले गोठे-शोषखड्डेही आहेत.

आता जमिनीखालचा प्रवास. भूजल तळ्यासारखं एका जागी साठून राहत नाही. त्याला उतार असतो आणि ते चालत असतं. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टचा. वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या हा मऊसर खडक, आणि त्याखाली कठीण पाषाण. पाणी मुरमातून आणि फटींतून उतरतं, कठीण थराला अडतं, आडवं वळतं आणि उताराने ओढ्याच्या काठाशी पाझरून बाहेर येतं. दिवाळीनंतर ओढा वाहतो तो या पाझराच्या जिवावर. म्हणून ओढ्याचं हिवाळ्यातलं पाणी तपासलं तर ते वरच्या शिवारातल्या विहिरींचीच बातमी सांगतं.

या वाटेवर नायट्रेटचं फारसं काही बिघडत नाही, हीच अडचण आहे. खडकात कुजलेला पाला नाही, मुळं नाहीत, सेंद्रिय कर्ब (कार्बन) जवळजवळ नाही, आणि उथळ पाण्यात ऑक्सिजन भरपूर. नायट्रेट मोडणाऱ्या जिवाणूंना तिथे काम सुरू करायला काही कारणच नसतं. मुरमातून फर्लांगभर गेलेलं पाणी पातळ झालेलं असेल, पण त्यातलं नायट्रेट बहुतांशी तसंच असतं.

ते मोडतं काठाशी. ओढ्याच्या कडेला लव्हाळे, पाणकणीस, करंज, उंबर अशी जुनी झाडी असेल तर खुरप्याने वीतभर चिखल उकरून पाहा. वर करडा-तपकिरी, खाली काळा, त्यात अर्धवट कुजलेली पानं आणि केसासारखी मुळं. शेताकडून येणारा पाझर या थरातून गेल्यावाचून ओढ्याला मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा पालापाचोळा इथे ओला राहून साठलेला असतो. जिवाणूंची इथे चंगळ असते, फक्त त्यांना श्वास कमी पडतो.

जिवाणू पाला खातात, म्हणजे त्यातला कर्ब जाळतात. जाळायला ऑक्सिजन लागतो. हवेशी खेळतं राहिलेलं पाणीसुद्धा लिटरला फार तर आठेक मिलिग्रॅम ऑक्सिजन बाळगतं, आणि या चिखलात तो बघता बघता संपतो. तो एक-दोन मिलिग्रॅमच्या खाली आला की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घ्यायला लागतात. नायट्रेटचं नायट्राइट होतं, त्याचं नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू. हवेत ७८ टक्के आहे तोच हा वायू. तो पाण्यातून सुटून हवेत मिसळतो. याला विनायट्रीकरण म्हणतात. नायट्रेट लपलं किंवा पातळ झालं असं इथे होत नाही. ते खरोखर संपतं.

ऑक्सिजन संपल्यावर काय काय वापरायचं, याचा क्रम पंगतीतल्या वाढपासारखा ठरलेला आहे. आधी ऑक्सिजन, मग नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, त्यानंतर सल्फेट, आणि शेवटी मिथेन बनवणारे जिवाणू. आधीचं पान उठल्याशिवाय पुढचं सहसा बसत नाही. हा क्रम कळला की काठ डोळ्यांनी वाचता येतो. पाझराच्या तोंडाशी गंजासारखा तांबूस गाळ दिसला, वर तेलासारखा चमकणारा पापुद्रा दिसला, तर काडीने तो मोडून पाहा. तेल असेल तर पुन्हा मिळून येतं. काचेसारखे तुकडे होऊन अलग राहिले तर तो लोहाचा, जिवाणूंनी बनवलेला पापुद्रा. म्हणजे हे पाणी लोहाच्या पानापर्यंत जाऊन आलंय; नायट्रेटचं पान त्याआधीच उठलंय. चिखलाला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर पंगत सल्फेटपर्यंत पोचली, तिथे नायट्रेट उरलेलं असण्याची शक्यता फारच कमी. आपण ज्याला घाण चिखल म्हणून नाक मुरडतो, तो बऱ्याचदा चांगलं काम करत असतो. (त्यात थेट सांडपाणी येत नसेल तर. वास दोन्हींचा सारखाच येतो, म्हणून वर जाऊन पाहायचं.)

पाला इतका महत्त्वाचा का, तेही आकड्यात मांडता येतं. लिटरमधलं ४५ मिलिग्रॅम नायट्रेट पूर्ण मोडायला जिवाणूंना सुमारे ११ मिलिग्रॅम कर्ब जाळावा लागतो, आणि त्याआधी ऑक्सिजन संपवायला आणखी दोन-तीन. भूजलात विरघळलेला कर्ब असतो साधारण लिटरला एक-दोन मिलिग्रॅम. म्हणजे पाण्याच्या स्वतःच्या शिदोरीवर हे काम होणार नाही. कर्ब काठाने पुरवायला हवा, आणि काठाला तो झाडाझुडपांनी. बांध-काठ साफ केला, पाचट पेटवलं, झाडी तोडून ऊस पार पाण्याच्या कडेला भिडवला, की हा पुरवठा आटतो. बाहेरून सगळं नीटनेटकं दिसतं.

काठातून सुटलेलं नायट्रेट पुढे वाळूच्या हाती लागतं. ओढा वाळूवरून नुसता वाहत नाही. एखाद्या दगडाच्या किंवा उंचवट्याच्या वरच्या बाजूला थोडं पाणी वाळूत शिरतं, खालून चालतं आणि पुढच्या डोहाशी पुन्हा वर येतं. त्याच वाळूत खालून भूजलही येऊन मिसळतं. या मिश्र पट्ट्याला शास्त्रात ‘हायपोरेइक’ असं वेगळं नाव दिलं ते ट्रायान ऑर्गिदान या रुमानियन शास्त्रज्ञाने, १९५९ मध्ये. ‘खाली’ आणि ‘वाहणं’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. आपल्याकडे झिरा काढणाऱ्या बायकांना ही जागा आधीपासून हाताने माहीत होती. तिथे वाळूच्या प्रत्येक कणावर बुळबुळीत थर असतो, तो जिवाणूंचा. मधे मधे गाडलेली पानं असतात, आणि प्रत्येक पानाच्या आत ऑक्सिजन नसलेली एक खोली तयार झालेली असते. पाणी तिथून भुर्रकन निघून गेलं तर ऑक्सिजन संपत नाही आणि नायट्रेट तसंच जातं. काही तास, एखाद-दोन दिवस रेंगाळलं तर काम होतं. सगळा खेळ मुक्कामाचा आहे.

सगळं नायट्रेट असं शेवटापर्यंत जातं असं मात्र समजू नये. काही वेळा जिवाणू नायट्रस ऑक्साइडपाशीच थांबतात, आणि तो वायू हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी आहे. काही ठिकाणी नायट्रेटचं परत अमोनियम होतं. लव्हाळे आणि जलपर्णी नायट्रेट शोषतात, पण ते उसनं असतं. कापून बाहेर काढलं नाही तर कुजून पुन्हा पाण्यात.

अशा काठाचं बळ किती, हे अमेरिकेत मेरिलंड राज्यातल्या एका छोट्या पाणलोटात मोजलं गेलं. विल्यम पीटरजॉन आणि डेव्हिड कोरेल यांनी १९८४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. शेतात आलेल्या नत्रापैकी शेताने, काढलेलं पीक सोडून, जेमतेम ८ टक्के धरून ठेवलं. काठच्या झाडीने तिच्याकडे आलेल्यापैकी ८९ टक्के. दुसरी, मोठी मोजणी २००८ ची. पॅट्रिक मलहॉलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ७२ ओढ्यांत ओळखू यावं म्हणून नत्राच्या किंचित जड अणूंची खूण असलेलं नायट्रेट सोडलं आणि ते कुठे जातं ते पाहिलं. ओढे नायट्रेट मोडतात हे दिसलंच, पण त्याहून मोलाचं एक निघालं: पाण्यात नायट्रेट जितकं जास्त, तितका त्यातला मोडला जाणारा वाटा कमी. एका मापापर्यंत ओढा पेलतो. त्यानंतर ओझं वाढवत नेलं की तो बहुतेक पुढे ढकलतो, नदीकडे. म्हणून काठ जपला म्हणजे खत कितीही टाकायला मोकळे, असा अर्थ काढता येत नाही.

आणि काठ चांगला असून उपयोग नाही, जर पाणी त्यातून गेलंच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात क्षारपड जमीन सुधारण्यासाठी सच्छिद्र पाइपांची भूमिगत निचरा योजना राबवली गेली. मिठाने मेलेली रानं त्यातून पुन्हा पिकात आली. ते काम गरजेचं होतं आणि मी त्याच्या बाजूने आहे. पण पाइप मुळांखालचं पाणी उचलतो आणि थेट नाल्यात सोडतो. काळा चिखल बाजूलाच राहतो. आयोवात मैलोन्‌मैल अशाच पाइपांनी हा प्रश्न उभा केला. तिथे दोन उपाय रुजताहेत: पाइपाचं तोंड नाल्यात न सोडता काठाला समांतर आडव्या पाइपातून पाणी काठच्या मातीत मुरवणं, किंवा पाणी आधी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या चरातून नेणं. ढलप्या कर्ब पुरवतात, चरात ऑक्सिजन संपतो, जिवाणू काम करतात. साधी गोष्ट आहे, आणि आपल्याकडे निचऱ्याच्या नकाशातच ती आखता येईल.

ओढ्याचं खोलीकरण-रुंदीकरण करताना पोकलेनने तळ खडकापर्यंत खरवडला की वाळू जाते, चिखल जातो, काठची मुळं जातात. पाणी साठतं, हे खरं. पण नायट्रेट मोडणारा थरही ट्रॉलीत भरून गेलेला असतो, आणि तो पुन्हा जमायला वर्षं लागतात. वाळूउपशाचं तेच. बोअरवेलांनी पाणी खोल ओढलं तर पाझर काठच्या मुळांच्या खालून निघून जातो किंवा ओढ्यापर्यंत येतच नाही; मग उरलेला पाला कोरड्या जागी नुसता पडून राहतो. माझ्या मते भूजलाच्या पातळीची आणि नायट्रेटची चर्चा दोन वेगळ्या बैठकांत करणं चुकीचं आहे.

धीर धरावा लागतो, हेही आधीच सांगायला हवं. इंग्लंडच्या खडूच्या खडकात नायट्रेट वर्षाला सुमारे एक मीटर या चालीने खाली उतरतं. पाणी तीस मीटरवर असेल तर आज टाकलेलं खत तिथे एका पिढीने पोचेल. डेन्मार्कने १९८७ मध्ये पाण्यासाठी पहिला राष्ट्रीय कृती आराखडा केला आणि शेतातलं जादा नत्र टप्प्याटप्प्याने खाली आणलं. तिथे भूजलाचं वय काढतात, पूर्वी फ्रिजमध्ये वापरायचे त्या वायूंच्या पाण्यातल्या अंशावरून. त्यातून दिसलं की १९८० च्या आसपास जमिनीत उतरलेल्या पाण्यात नायट्रेट सगळ्यात जास्त, आणि नंतर उतरलेल्या पाण्यात उतार. जुनं पाणी अजून वाटेत असतं तोवर ओढा सुधारलेला दिसत नाही. आपल्या उथळ मुरमात चाल पुष्कळ जलद, पण या वर्षी खत कमी केलं म्हणून पुढच्या वर्षी ओढा स्वच्छ, असं होईलच असं नाही.

आपला काठ काम करतोय का, हे पाहायला तीन बाटल्या पुरतात. माघ-फाल्गुनात, पाऊस नसताना, एकाच दिवशी भरायच्या: एक काठाच्या वरच्या विहिरीची, एक झाडीच्या पलीकडे बाहेर येणाऱ्या पाझराची, एक वाळूतली. बाटल्या थंड ठेवा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत तपासून घ्या, कारण बाटलीतही जिवाणू काम करत राहतात. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडच्या किटमध्ये नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही तपासता येतात. दोन्ही तपासायचेच. क्लोराइडही मातीला चिकटत नाही, पण ते कुठला जिवाणू मोडत नाही. विहिरीपासून पाझरापर्यंत दोन्ही सारखेच घटले असतील तर पाणी नुसतं पातळ झालंय. क्लोराइड तेवढंच राहून नायट्रेट घसरलं असेल तर चिखलाने ते मोडलंय. आणि दोन्ही जसेच्या तसे आले असतील तर पाणी काठाला वळसा घालून कुठून येतंय, तो पाइप किंवा चर शोधायला निघा. तिसऱ्या बाटलीसाठी हातभर वाळू उकरायची, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि घटकाभर बसायचं.